कोंबडा-बैलाची गोष्ट

सरांना कागदावर कोंबडा आणि बैल एकत्र दिसले की ते पेन्सिल खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "वकीलबाई, हा कोंबडा कुठला?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला कळलंच नाही. नुकती सनद घेऊन मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले होते. एका घरमालकाची कैफियत लिहायला मला दिली होती. कैफियत म्हणजे आपल्यावर कुणी दावा लावला की आपण कोर्टात देतो ते लेखी उत्तर. मी जुन्या फायली चाळल्या. प्रत्येकीत एक वाक्य होतंच, की वादीनं 'कॉक अँड बुल स्टोरी' रचली आहे. तेच मी उचललं आणि माझ्या मसुद्यात ठोकून दिलं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. हडपसरच्या पुढं, सासवड रस्त्याला आमचं गाव. आता महापालिकेत गेलंय, पण नळाला पाणी अजून स्वतःच्याच मर्जीनं येतं. तिथून येऊन असं इंग्रजी लिहायचं म्हणजे मला सनद दुसऱ्यांदा मिळाल्यासारखी वाटली होती.

"कोंबडा म्हणजे... खोटी गोष्ट, सर."

"खोट्याला इंग्रजीत शब्द नाही?"

"आहे."

"मग तो बिचारा घरी बसलाय आणि आपण जनावरं का हाकताय?"

सर मुसलमान, तीन-चार पिढ्या खडकीत राहिलेले. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कारखान्यातल्या इंग्रजी पाट्यांवरची अक्षरं ते पेनानं तळहातावर उतरवून आणायचे आणि संध्याकाळी शाळकरी मुलापुढे हात धरायचे. मुलानं शब्दकोशात बघून अर्थ सांगायचा. सर म्हणायचे, "अर्थ चुकला तर दुसऱ्या दिवशी वडील चुकणार, हे मला आठव्या वर्षी माहीत होतं. आपल्याला कोणत्या वर्षी कळलं?" हा प्रश्न ते प्रत्येक नव्या ज्युनिअरला विचारत. उत्तर द्यायचं नसतं, हे हळूहळू कळायचं.

कोर्टात उभं राहून बोलण्यात त्यांना रस नव्हता. त्यांचा जीव मसुद्यात. शिवाजीनगर कोर्टाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती आणि दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'कृपया थोडक्यात सांगू नये.' पक्षकार गोंधळायचे. पुण्यात 'थोडक्यात सांगा' म्हणणारे पुष्कळ, हा उलटाच. पण सर खरंच सगळं ऐकून घ्यायचे. शेतावरच्या बांधाचा वाद असेल तर बांधावर कुठलं झाड आहे इथपर्यंत. एकदा वाघोलीकडचे एक आजोबा भारावून म्हणाले, "सायेब, तुमचं मराठी लय शुद्ध हाय." सर म्हणाले, "आपलंही होईल. सवय ठेवा."

त्यांचा एक नियम होता. कैफियत पक्षकाराची असते, वकिलाची नसते. शेवटी सही तोच करतो, वरचा मजकूर खरा आहे असं तोच म्हणतो. म्हणून ज्या शब्दाचा अर्थ पक्षकाराला उभ्याउभ्या मराठीत सांगता येत नाही, तो शब्द त्याच्या तोंडी घालायचा नाही. दुसऱ्या वकिलांचे मसुदेही त्यांच्याकडे तपासायला यायचे. एकानं पोटगीच्या अर्जात लिहिलं होतं, नवऱ्यानं मगरीचे अश्रू ढाळले. सरांनी त्याला फोन लावला. "त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं की नव्हतं? ...आलं होतं ना? मग तेवढंच लिहा. मगरीला समन्स कोण काढणार?"

पण त्यांचा खरा राग होता तो त्या कोंबड्या-बैलावर. "पुण्याच्या कोर्टांत जेवढे कोंबडे आणि बैल आहेत तेवढे पशुसंवर्धन खात्याकडे नसतील," म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं की गोष्ट चुकीची असू शकते, खोटी असू शकते, आणि अशक्य असू शकते. चूक म्हणजे माणूस विसरला. खोटी म्हणजे माणूस ठरवून बोलला. आणि जी घडूच शकत नाही, ऐकणाऱ्याला ऐकता ऐकताच हसू येतं, तिथंच तो वाक्प्रचार लावायचा. इतरत्र लावला तर तो शिवी होतो.

माझ्या देखत तो त्यांनी एकदाच मंजूर केला. एका माणसाचं म्हणणं होतं की त्याच्या वडिलांनी अमुक दिवशी स्वतः येऊन खरेदीखतावर सही केली. आणि त्या दिवशी ते वडील येरवड्याच्या तुरुंगात होते, तसा दाखलाच आमच्या पक्षकारानं आणला होता. सरांनी टाळी वाजवली. "बसला! आता बसला बरोबर जागी. लिहा वकीलबाई. आणि तिन्ही शब्दांच्या मधे दोन आडव्या रेघा, हायफन, द्यायला विसरू नका." मग खाली झेरॉक्सवाल्यालासुद्धा चहा पाजला. त्याला कशाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या वाक्प्रचाराला मराठी शब्द कोणता, यावरही त्यांनी पुष्कळ दिवस घालवले होते. थाप हलका वाटायचा, बनाव फार पोलिसी. शेवटी एक दिवस येताना जिन्यातूनच ओरडत आले, "भाकडकथा! अहो, भाकडकथा! इंग्रजांना बैल लागतो, आपल्याला भाकड गाय. जनावराशिवाय खोटं बोलताच येत नाही माणसाला." इतका आनंद झालेला मी त्यांना नंतर पाहिला नाही.

माझ्या आत्यानं माझ्या वडिलांवर दावा लावला, तो त्यानंतरचा पावसाळा.

आमच्या रानावर बिल्डरची नजर होती. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो, आत्या बापू म्हणायची. आण्णांनी सगळं जवळजवळ ठरवलं होतं, फक्त बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची राहिली होती. आमच्याकडे बहिणी सही करतात. विचारतही नाहीत कुठं करायची ते. आत्यानं नकार दिला आणि हिस्सा मागितला. आण्णा घरात येरझाऱ्या घालत होते. "भाऊबीजेला साडी न्हेती आणि वर कोर्टाची नोटीस धाडती?"

मी आण्णांना सरांकडे घेऊन गेले. आत्याचा दावा सरांनी हातात घेतला आणि सवयीप्रमाणे पूर्ण वाचला. त्यात एक परिच्छेद बैलाचा होता. आजोबा वारले तेव्हा आण्णा मिसरूड फुटायच्या वयाचे होते. ऐन पेरणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल मेला. आत्या तेव्हा नवी नवरी, सासवडच्या पलीकडे दिलेली. तिला कळलं तशी तिनं सासरच्या गोठ्यातला बैल सोडला, एकटीनं दिवे घाट उतरवून आणला आणि धाकट्या भावाच्या हातात दोरी दिली. पेरणी झाली, रान राहिलं. बैल परत गेला नाही. सासरी तिला त्यावरून जन्मभर ऐकावं लागलं. पुढं तिला मूल झालं नाही, तेही त्यातच धरलं गेलं. हे शेवटचं अर्थातच दाव्यात नव्हतं.

कायद्याच्या दृष्टीनं त्या बैलाला काही किंमत नव्हती. मुलगी म्हणून तिचा हिस्सा तसाही होता. पण आत्यानं आपल्या वकिलाला बजावलं होतं म्हणे, "बैलाचं लिवा. नायतर दावाच नको."

सरांनी आण्णांना विचारलं, "बैल आला होता?"

आण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"आपण दोरी धरली होती?"

"सायेब, ते घरातलं झालं. कोर्टात बोलायचं नस्तं ते."

"मी असं लिहितो. बैल आणल्याचं मान्य. हिश्श्याबद्दल काय म्हणायचं ते वेगळं लिहू."

"नगं. एक मान्य केलं की पुढचं समदं गळ्यात येतंय. समदं नाकारा. ते असतंय ना तुमचं, रचलेली स्टोरी का काय, बिल्डरचा मानूस म्हनत हुता—"

"कॉक-अँड-बुल," सर म्हणाले. "ते लिहिता येणार नाही. बाई चालते, बैल चालतो, घाटात रस्ता आहे. यात अशक्य काय आहे? नुसतं नाकबूल लिहिलं तर खोटं होईल. तसं लिहिलं तर खोटं आणि वर चुकीचं."

आण्णांनी मला बाहेर आल्यावर विचारलं, "हा वकील हाय का मास्तर?" आणि कागद घेऊन बिल्डरच्या माणसानं सांगितलेल्या वकिलाकडे गेले. त्या वकिलानं एका दुपारीत कैफियत तयार केली. आण्णांनी पानोपानी सही केली. इंग्रजी त्यांना येत नाही. मी प्रत पाहिली. बैलाच्या परिच्छेदाला उत्तर एका ओळीचं होतं, आणि ते तेच होतं. मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, "आडव्या रेघाही नाहीत."

पुढच्या तारखेला मी आण्णांबरोबर गेले होते. सर दुसऱ्या कामासाठी तिथंच होते, आमच्यापासून दोन पावलांवर, बगलेत फाईल. कोर्टाच्या व्हरांड्यात नेहमीची गर्दी होती. तीतून आत्या आली, नऊवारी नेसलेली, हातात कापडी पिशवी, मागं तिच्या दिराचा नातू. मला वाटलं ती आम्हाला टाळून जाईल. ती सरळ आण्णांपुढे येऊन उभी राहिली.

"बापू, ह्यानं मोबाईल धरला कागदावर. मराठीत वाचून दावलं मला. बैलाचं ल्हिवलंयस म्हनं तू."

नातवानं मान हलवली. "कोंबडा आणि बैल कथा, असं आलं त्यात."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोंबड्याचं मला ध्यानात येईना," आत्या म्हणाली. "कोंबडा कवा आणला मी? पर असंल. तुला आठवत असंल. बैलाचं तरी कबूल केलंस, लई झालं बघ. मी ह्याला म्हनलं, दावा काढून घ्यू. जमीन काय करायची मला? कुणासाठी?" तिनं पिशवी पुढं केली. "सीताफळं हायेत. मऊ झाल्यात, आजच खा."

आण्णांनी पिशवी घेतली. आत हात घालून एक फळ चाचपलं. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "पिकल्यात की गं, आक्का."

मी सरांकडे बघून मान हलवली, नको म्हणून. त्यांनी ती पाहिली, हे मी शपथेवर सांगेन. पण त्यांच्यासमोर एक शब्द चुकीच्या अर्थानं उभा होता आणि एक बाई त्याच्यावर भरवसा ठेवून निघाली होती. ते पुढं आले.

"क्षमा करा, बाई. आपला गैरसमज होतोय."

"कोन तुमी?"

"मी ह्या वकीलबाईंचा सीनिअर. ते आपल्या बैलाबद्दल लिहिलेलं नाही. इंग्रजीत तसा वाक्प्रचार आहे. त्यात बैल नाही आणि कोंबडाही नाही."

"मग काय हाय त्यात?"

सरांना शब्द शोधावा लागला नाही. "भाकडकथा," ते म्हणाले.

आत्या म्हणाली, "भाकड?"

आमच्याकडे हा शब्द गोठ्यात वापरतात, दूध न देणाऱ्या गाईला. आणि घरात वापरतात तो बाईला. सासरी तिला तो त्या बैलासकटच ऐकवायचे. घरचा बैल गेला आणि भाकड राह्यली, असं. मला हे माहीत होतं, आण्णांना माहीत होतं. सरांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"बापू, तू मला भाकड म्हनलास? कोर्टात ल्हिवून दिलंस?"

"न्हाय गं आक्का, मला इंग्रजी येतं व्हय? मी कुठं—"

"नाही, नाही बाई," सर घाईघाईनं म्हणाले. "विशेषण कथेचं आहे. आपलं नाही."

हे सांगताना त्यांचा चेहरा इतका कळकळीचा होता की आजही मला त्यांचा राग धड करता येत नाही. खरंच त्यांना वाटत होतं, व्याकरण कळलं की त्या बाईचं दुखायचं थांबेल.

आत्या वळली आणि गेली. नातू तिच्यामागं धावला. आण्णा दोन पावलं पुढं झाले, तेवढ्यात त्यांचा वकील आला. "समोरच्या पार्टीशी काही बोलू नका हो, तुमची साक्ष व्हायचीय." आण्णा थांबले. सीताफळांची पिशवी त्यांच्याच हातात राहिली.

दुसऱ्या दिवशी खोलीवर सर मला म्हणाले, "चुकीच्या अर्थावर त्यांनी दावा काढून घेतला असता तर ती फसवणूक झाली असती, वकीलबाई. त्यांचा हिस्सा गेला असता."

"हो सर," मी म्हणाले. ते खरंच होतं. वकील म्हणून मी त्यात आजही काही काढू शकत नाही. मोबाईलच्या चुकीपायी आत्याची जमीन गेली असती, आणि सगळ्या गावानं तिला शहाणी म्हटलं असतं.

मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आत्याबाईंना मुलं किती?"

"नाहीत, सर."

त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या दिवशी त्यांच्यासमोर आलेले मसुदे मी तसेच परत पाठवले.

आण्णांची साक्ष झाली तेव्हा आत्याच्या वकिलानं बैलाचा प्रश्न विचारलाच. कैफियतीत जे लिहिलंय ते धरूनच बोलावं लागतं. आण्णा पिंजऱ्यात उभे होते, टोपी हातात. म्हणाले, "असा कुटला बैल आला न्हाई." आत्या समोर बसली होती. ती आण्णांकडे बघत नव्हती, पदराचा काठ बघत होती. सर मागच्या बाकावर होते. त्यांचं त्या दिवशी कोर्टात काहीच काम नव्हतं.

पुढं निकाल आत्याच्या बाजूनं लागला, हिस्सा मिळाला. आण्णा असेपर्यंत आमच्या दाराशी मात्र ती पुन्हा आली नाही.

त्यानंतर सरांना एक नवीनच खोड लागली. कुणाचं चुकलं की विचारायचे, "सांगू का?" आणि समोरचा काय बोलतो याची वाट बघायचे. आता पुण्यात असं विचारल्यावर कोण हो म्हणणार? "नको" असंच यायचं. मग सर मान हलवायचे आणि चूक तशीच जाऊ द्यायचे. नवीन ज्युनिअर पोरं त्यांना हसायची, म्हातारा थकला म्हणायची. थकले नव्हते. वाचताना पेन्सिल अजून त्या जागी नेमकी थांबायची.

आण्णा गेले तेव्हा आत्या आली. ओट्यावर उभ्यानं तोंड पाहिलं आणि पाणीही न घेता परत गेली. दहावं-तेरावं उरकून मी कामाला लागले त्या आठवड्यात सर म्हणाले, "मला त्यांच्याकडे घेऊन चला."

"कशाला, सर?"

"काय बोलायचं ते मी ठरवलं नाही. ठरवलं की बिघडतं."

मी त्यांना गाडीत घालून सासवडपलीकडे नेलं. आत्या अंगणात शेंगा फोडत होती. मला बघून म्हणाली, "ये." सरांकडे बघत राहिली.

"हे कोन? भाकड म्हनलेले का?"

सरांचे ओठ हलले. मला माहीत होतं ते काय म्हणू शकले असते. ते म्हणाले, "होय. मीच."

"बसा मग. उभं का?"

चहा झाला. सरांनी माफी मागितली, पण तीही अशी अडखळत की आत्यालाच त्यांना "असू द्या" म्हणावं लागलं. मग ती माझ्याकडे वळली. बोलताना शेंगा फोडायचं थांबवलं नाही.

"तुझा बाप शेवटाला काय म्हनला का? बैलाचं?"

आण्णा शेवटी फारसं बोलतच नव्हते. बैलाचं तर नाहीच. मी सरांकडे पाहिलं. ते कपातल्या चहाकडे बघत होते. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर माझ्या तोंडून दुसरं काय येणार होतं?

"नाही, आत्या."

"बरं," आत्या म्हणाली. हातातली शेंग तिनं फोडली, दाणे सुपात टाकले, कपबशा गोळा केल्या आणि आत गेली. आत भांड्यांवर पाणी पडल्याचा आवाज यायला लागला.

सर माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "खोटं बोलायचं होतंत हो, वकीलबाई."